‘आमचं पन पोर गरीबच की ओ बाई!’ : जात, वर्ग आणि गरिबी समजावून सांगताना



शाळा सुरू झाली की पुस्तकवाटप होतं, आणि त्यापाठोपाठ शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. हे काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. आज जे लिहितेय ते या अर्जांमुळेच सुचलेलं आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधी सांगून टाकते.

सहावीचा वर्ग होता. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीची यादी करायची होती. पाचवी ते सातवीच्या मुलींना तेव्हा महिन्याला ६० रुपये मिळायचे. दहा महिन्यांचे ६००. मी हातात कागद घेऊन वर्गात उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “ज्यांची नावं घेते त्या मुलींनी उभं राहायचं. उद्या जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक आणायचं.” नावं घेतली. मुली एकेक करून उभ्या राहिल्या. एक मुलगी, वर्गात हुशार म्हणून ओळखली जाणारी, नाव घेतलं तरी उठेना. मला वाटलं लक्ष नाही, म्हणून दुसऱ्यांदा आणखी मोठ्यानं नाव घेतलं. ती उठली, मान खाली घालून. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सरकारचे जावई!”

अकरा वर्षांच्या पोराला हा शब्द कोण शिकवतं? पुस्तकात तर नाही. घरात ऐकलेला असतो. मी त्या मुलाला रागावले, पण खरं सांगायचं तर ज्या वर्गात तोपर्यंत कुणाची जात कुणाला ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असली तरी बोलली जात नव्हती, तिथं ती मोठ्यानं वाचून दाखवली होती मीच.

त्याच आठवड्यात पालकसभा झाली. सभा संपल्यावर एक पालक थांबले. वीस गुंठे रान, त्यात ऊस, दोन म्हशी. म्हणाले, “बाई, ते अर्जाचं कळलं. आमचं पन पोर गरीबच की ओ. त्याला का न्हाई? आमी काय पाप केलंय?” आवाजात भांडण नव्हतं, खरोखर विचारत होते. मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं, “शासनाचा नियम आहे हो.” ते बरं म्हणून गेले. त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही नाही.

त्या दिवशी जे सांगायला पाहिजे होतं ते आज सांगायचा प्रयत्न करते.

खिशात सारखेच पैसे, तरी गरिबी वेगळी

त्या मुलीचे वडील सेंट्रिंगच्या कामावर जायचे. काम असलं तर हजेरी, नसलं तर घरी. या पालकांच्या हातात उसाचं बिल आणि दुधाची पगारपत्रकं. दोन्ही घरांचा वर्षाचा हिशेब मांडला तर आकडे फार लांबचे नव्हते. कदाचित सेंट्रिंगवाल्याच्या हातात एखाद्या वर्षी जास्तही पडले असतील. मग फरक कुठं?

फरक आहे तो वीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सातबारा म्हणजे नुसता जमिनीचा उतारा नव्हे. तो असला की गावच्या सेवा सोसायटीचं सभासदत्व मिळतं. सोसायटीतून पीककर्ज मिळतं, सावकाराच्या दारात जावं लागत नाही. ऊस असला की कारखान्याचा शेअर घेता येतो. शेअर असला की सवलतीची साखर, सभेला आमंत्रण आणि निवडणुकीत मत. मत असलं की संचालक दारात येतो. संचालक दारात येतो म्हणजे उद्या पोरगं बारावी झालं की “साहेब, आमच्या पोराचं बघा की जरा” असं म्हणायला जागा होते. एकाला एक लागून असलेली ही साखळी आहे. वीस गुंठ्यांवाल्याला तिचा फायदा थोडाच मिळतो, ऐंशी एकरवाल्याला भरपूर मिळतो, हे मान्य. पण ज्याच्याकडे गुंठाही नाही तो या साखळीच्या बाहेरच उभा असतो.

मूल आजारी पडलं तर भाऊकी आहे. भाऊकीत एखादा चुलता शिक्षक, एखादा मामेभाऊ पुण्यात कंपनीत. पोराला शिकायला पाठवलं तर चार दिवस राहायला घर आहे. सेंट्रिंगवाल्याचे पाहुणेसुद्धा सेंट्रिंगवर नाहीतर बिगारी. ते मदत करत नाहीत असं मुळीच नाही, उलट जास्तच करतात, पण ज्याच्याकडे नाही तो देणार तरी काय?

तेव्हा गरिबीला नुसतं ‘या महिन्यात किती आले’ एवढंच मोजून चालत नाही. पाठीमागं काय आहे, आणि अडचण आली तर कुणाकडं जाता येतं, हेही मोजावं लागतं. उत्पन्नाचा दाखला पहिली गोष्ट सांगतो, दुसरी सांगत नाही. समाजशास्त्रात याला कुणी सामाजिक भांडवल वगैरे म्हणतात. आपण साध्या भाषेत ‘ओळखपाळख’ म्हणू.

ही साखळी सुरू कुठं झाली?

आता कुणी म्हणेल, जमीन काय, ज्याच्या बापजाद्यांनी कष्ट केले त्याला मिळाली. इथं इतिहास उघडावा लागतो, आणि तो आपल्याच गावचा आहे.

गावगाड्यात महारकी वतन होतं. वतन म्हणजे थोडीशी जमीन, आणि तिच्या बदल्यात अख्ख्या गावाची आणि सरकारची चाकरी. सांगावा पोहोचवणं, मेलेली जनावरं ओढणं, सरकारी साहेब आला की राबणं. वेळेचं बंधन नाही, कामाची मोजदाद नाही. जमीन वाटून वाटून इतकी लहान झालेली की पोट भरत नाही, पण चाकरी मात्र पूर्ण. आणि ती सोडून दुसरीकडं काम शोधावं तर वतन जातं. हे कष्ट बापजाद्यांनी केलेच होते. त्याची जमीन मात्र झाली नाही.

शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानात महार वतन रद्द केलं आणि ती जमीन रयतावा करून वतनदारांच्या नावावर केली. त्याच वर्षी बलुतेदारीची सक्तीही काढली. आपल्या हद्दीपलीकडच्या ब्रिटिश मुलखात हे झालं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाबद्दल विधेयक मांडलं, पण प्रत्यक्ष कायदा यायला १९५८ उजाडावं लागलं. म्हणजे संस्थानाच्या सीमेच्या अलीकडं आणि पलीकडं ४० वर्षांचा फरक. वर्गात मुलांना मी नकाशा काढून ही गोष्ट दाखवते. एका बाजूला मोकळीक, दुसऱ्या बाजूला दोन पिढ्या अजून वेठीला.

शिक्षणाचंही तसंच. महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते असं त्यांच्या चरित्रांत नोंदवलेलं आहे. कारकुनी जागा सुमारे ५००, त्यात ब्राह्मणेतर अवघे १०. हे काही एका जातीच्या लोकांनी बसून रचलेलं कारस्थान होतं असं मुलांना सांगू नये, ते खरं नाही आणि आपल्या वर्गात त्याही घरातलं मूल बसलेलं असतं. लिहिणं-वाचणं पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या घरात होतं, त्यांना इंग्रजी शाळा आली तेव्हा एक पायरी चढायची होती. बाकीच्यांना अख्खा जिना. पायरी चढणाऱ्याला मात्र वाटतं की आपण गुणवत्तेवर आलो. खोटं नाही ते, पण अर्धंच.

२६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी जाहीरनामा काढला, की यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भराव्यात. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेलेले होते. त्या जाहीरनाम्यात मागासलेले म्हणजे कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि असेच पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे मराठाही, जैनही, मुसलमानही, लिंगायतही. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ राहिले.

पण नोकरी राखून ठेवली तरी ती घ्यायला शिकलेला माणूस पाहिजे ना! म्हणून वसतिगृहं. १९०१ साली मराठा बोर्डिंग, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढं मुसलमान, लिंगायत, शिंपी, नामदेव, सोनार… यादी मोठी आहे. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह. कोल्हापूरकरांना ही नावं बस-स्टॉपसारखी पाठ असतात, पण त्यांच्यामागचा हिशेब कुणी सांगत नाही. खेड्यातल्या पोराला फी माफ केली तरी तो शिकत नाही, कारण कोल्हापुरात तो राहणार कुठं आणि जेवणार काय? शिक्षणाचा खरा खर्च फी नसतोच, राहण्या-जेवण्याचा असतो. हे त्या काळी ओळखलं गेलं होतं. आजही फी माफ आहे म्हणून आपण निर्धास्त असतो आणि एस.टी.च्या पासावाचून पोरगी घरी बसते.

त्या पालकांशी पुढं एकदा निवांत बोलणं झालं तेव्हा मी बोर्डिंगांचा विषय काढला. ते एकदम म्हणाले, “आमचा पणजा हुता की मराठा बोर्डिंगात! दोन वर्सं हुता म्हनं. मग घरातनं बलावलं, नांगराला मानूस नव्हतं.” मी म्हटलं, बघा, म्हणजे तुमच्या घराला ही मदत चार पिढ्यांपूर्वी मिळाली होती. ते हसले. म्हणाले, “मिळाली, पन निम्मीच.” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच निम्मीच मिळाली होती.

१९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. आणि १९१९ साली आणखी एक हुकूम निघाला, त्याबद्दल मला जास्त बोलायला आवडतं. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत बसवायची. अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या त्या १९५४ साली. कोल्हापूर ३५ वर्षं पुढं होतं. (हे सांगितलं की वर्गात टाळ्या पडतात. मग मी विचारते, तेव्हापासून आजपर्यंत डबा एकत्र खाताना कुणी कुणाशेजारी बसतं? मग टाळ्या थांबतात.)

घोड्यांची गोष्ट, आणि तिच्यातली उणीव

राखीव जागा कशासाठी हे सांगताना आपण सगळेच पागेतली गोष्ट सांगतो. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर महाराजांना म्हणाले, की जात बघून सवलत देणं बरोबर नाही, लायकी बघावी. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. रोज प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीची वेगळी तोबरी बांधलेली असे. त्या दिवशी महाराजांनी सगळी चंदी एका जाजमावर पसरायला सांगितली आणि सगळे घोडे सोडले. धट्टीकट्टी जनावरं पुढं घुसली, लाथा झाडत खाऊ लागली. म्हातारी, लहान, अशक्त घोडी मागंच राहिली.

गोष्ट छान आहे, मुलांना लगेच कळते. पण मला तिच्यात एक धोका वाटतो. ती ऐकून एखाद्या मुलाला वाटतं, म्हणजे आपण अशक्त घोडं? उपजतच कमी? म्हणून मी गोष्ट तिथंच थांबवत नाही. विचारते, घोडं अशक्त का झालं? काही मुलं म्हणतात आजारी असेल, म्हातारं असेल. मग एखादं पोरगं बोलतं, “रोज त्याला कमीच मिळत असंल.” बस्स, तेवढं निघालं की पुरे.

खरं तर माझ्या मते घोड्यांपेक्षा गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची गोष्ट जास्त शिकवून जाते. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकर होते. सवर्णांच्या हौदावर पाणी प्याल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज बाहेरगावाहून परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून, पैसे देऊन, स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव ‘सत्यसुधारक’.

आता इथं थांबून मुलांना विचारा, की भांडवल मिळालं, जागा मिळाली, चहा उत्तम, हॉटेल स्वच्छ. धंदा चालेल का? नाही चालला. गिऱ्हाईकच येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? वर्गाची, म्हणजे पैशाची अडचण सुटली होती, जातीची तशीच होती. मग महाराज रोज फिरायला निघाले की त्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा मागवू लागले. स्वतः प्यायचे आणि गाडीत बसलेल्या बड्या मंडळींनाही द्यायचे. राजाच पितो म्हटल्यावर इतरांना नाही कसं म्हणता येईल?

‘गरिबी हटवली की जात आपोआप जाईल’ असं जे म्हणतात, त्यांना एवढं एक हॉटेल दाखवावं. पैसा दिला तर गरीब माणूस दुकान काढतो. पण दुकान चालतं ते गिऱ्हाइकावर, आणि गिऱ्हाईक पाटीवरचं आडनाव वाचतं.

लांबच्या देशातलं उदाहरण

जातीसारखंच तिकडं वंश आणि रंग. महात्मा फुल्यांना हे साम्य फार लवकर दिसलं होतं. १८७३ सालचं ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

अमेरिकेत गुलामगिरी गेली १८६५ साली. मग दीडशे वर्षांनंतरही काळ्या कुटुंबांकडं संपत्ती कमी का? एक कारण आपल्या सातबाऱ्यासारखंच आहे. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेनं शहरांचे नकाशे काढले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या. लाल म्हणजे इथं घरकर्ज देणं धोक्याचं. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना घर, शेती, धंद्यासाठी कर्जाची हमी देणारा कायदा १९४४ साली झाला. कायद्यात रंगाचा उल्लेखच नाही! पण कर्ज देणार स्थानिक बँक. मिसिसिपी राज्यात १९४७ साली अशी ३ हजारांहून अधिक कर्जं दिली गेली, त्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली २. गोऱ्या सैनिकानं घर घेतलं, घराची किंमत वाढली, त्यावर पोराचं कॉलेज झालं. काळा सैनिक भाड्याच्या घरात राहिला. दोघंही एकाच युद्धात लढलेले. नातवंडांच्या वेळी हा फरक ‘त्यांनी कष्ट केले, यांनी केले नाहीत’ असा दिसू लागतो.

“आता कुठं राहिलीय जात?”

हे वाक्य स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येतं. मीही पूर्वी म्हणत असे. माझ्याकडं कुणी जात विचारलीच नव्हती ना कधी! ज्याला विचारली जात नाही त्याला ती दिसत नाही.

२०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशभरातल्या कुटुंबांना विचारलं होतं, तुमच्या घरात शिवाशिव पाळतात का. २७ टक्के कुटुंबांनी कुठल्या ना कुठल्या रूपात पाळतो असं स्वतःच कबूल केलं. स्वतः कबूल केलेले एवढे! सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे ४,८०८ अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नाव असलं तर पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सर्वांत जास्त. दलित नावाला तिच्या दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. अमेरिकेत बॉस्टन आणि शिकागोत असाच प्रयोग झाला, तिथं गोऱ्या वाटणाऱ्या नावांना दीडपट बोलावणी आली.

आपल्याकडं तर प्रयोग करायचीही गरज नाही. कोल्हापुरात खोली भाड्यानं बघायला जा. “गाव कुठलं?” “आडनाव काय?” “पाव्हणे कुठले?” तीन प्रश्नांत काम होतं. पगार किती हे चौथ्या प्रश्नात येतं. आणि चौथा प्रश्न आलाच नाही तर समजायचं, खोली मिळणार नाही.

इथं त्या पालकांचा प्रश्न परत घेऊ. त्यांच्या पोराची गरिबी खरी आहे. तिच्यावर इलाज पाहिजेच. आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा २०१९ पासून आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीसाठी योजना आहे, तीही शाहू महाराजांच्याच नावानं. आरक्षणाचा लाभ घेतलेल्या घरांतल्या सुखवस्तू मुलांना तो पुन्हा मिळावा का, यावर वाद आहेत. इतर मागासवर्गासाठी क्रीमी लेअरची अट आहे, अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येईल असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली म्हटलं. हे सगळे प्रश्न रास्त आहेत, विचारायलाच हवेत. पण त्या पोराला उद्या चांगली नोकरी लागली तर त्याची गरिबी संपते, आणि आडनाव त्याच्या आड येत नाही. त्या मुलीला तीच नोकरी लागली तरी खोली शोधताना तीन प्रश्न उरतातच. दोघांनाही मदत पाहिजे. दोघांचं दुखणं मात्र एक नाही.

आणि दोन्ही दुखणी एकाच ठिकाणी बघायची असतील तर दिवाळीनंतर कुठल्याही कारखान्याच्या वाटेवर जा. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोप्या दिसतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पोरं सोबत, कारण गावात ठेवायची कुणाकडं? भूमिहीन, भटके, दलित, कोरडवाहू शेतीवाले, सगळे त्यात. त्यांची पोरं ऑक्टोबरात एका शाळेतून गळतात आणि एप्रिलमध्ये परत जातात, मधले महिने कुणाच्याच पटावर नसतात. आपल्या जिल्ह्याची हिरवीगार समृद्धी त्या कोयत्यावर उभी आहे. आपल्या शाळेच्या हद्दीत खोप्या पडल्या की जाऊन पोरं आणायची, हे काम आपलंच आहे. साखरशाळा, हंगामी वसतिगृह या सोयी कागदावर आहेत, शिक्षक उठून गेला तरच त्या खोपीपर्यंत पोहोचतात.

वर्गात काय करते

सुरुवातीला सांगितलेल्या चुकीकडं येते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत कोडी देण्याआधी मुलांची नावं जातीसकट मोठ्यानं वाचली. दलित मुलांची कामगिरी घसरली. तीच कोडी, तशीच मुलं. फक्त मोठ्यानं वाचलं.

हे मी वाचलं तेव्हा मला ती मान खाली घातलेली मुलगी आठवली. त्या दिवशी पुढचा तास माझाच होता, गणिताचा, आणि मी तिला फळ्यावर बोलावलं होतं. तिला उदाहरण आलं नाही. मला वाटलं होतं, अभ्यास केला नसेल.

आता नावं वाचत नाही. वर्गातल्या सगळ्या मुलांना एकाच रंगाची बंद पाकिटं देते. ज्याला जी योजना लागू असेल तिचा कागद त्यात. कुणालाच काही लागू नसेल असं होत नाही, निदान वाचनालयाचा फॉर्म तरी असतो. पाकीट घरी जातं, पालक सही करून देतात. थोडं जास्त काम पडतं, पण वर्गात कुणाला उभं राहावं लागत नाही.

एक खेळही घेते. वर्गापुढं बादली ठेवायची, प्रत्येकानं आपल्या जागेवरूनच कागदाचा बोळा टाकायचा. पुढच्या बाकावरचे सहज टाकतात, मागचे ओरडतात. हा खेळ बऱ्याच शिक्षकांना माहीत असेल. मी त्यात एक भर घातलीय. दुसऱ्या फेरीला जागा बदलायच्या नाहीत, फक्त ज्यांचा बोळा पडला त्यांना आणखी एक पाऊल पुढं घ्यायचं. तिसऱ्या फेरीला परत तसंच. चौथ्या फेरीपर्यंत पुढची पोरं बादलीवर वाकून बोळे टाकत असतात. मग विचारायचं, यात नेम कुणाचा चांगला? गोंधळ उडतो, आणि चर्चा त्यातूनच सुरू होते. जात हा शब्द मी उच्चारत नाही, मुलं स्वतः आणतात, किंवा आणत नाहीत. दोन्ही चालतं.

पालकांना एकच विनंती. ‘सरकारचे जावई’ हा शब्द घरात वापरू नका. पोरं ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आणतात.

शेवटी दाखल्याचं. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. सर्वांत सोपा पुरावा कोणता? आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. ज्यांना शाळेत येऊच दिलं नाही त्यांच्या नातवंडांनी आजोबांच्या शाळेचा कागद आणायचा! जे एका गावात राहिलेच नाहीत, ज्यांच्या पूर्वजांना गुन्हेगार जमात म्हणून रोज चौकीवर हजेरी लावावी लागायची, त्यांच्याकडं तर घराचाही कागद नसतो. स्थानिक चौकशीचा मार्ग असतो, पण तो कुठल्या टेबलावर सुरू होतो हे गरिबाला कोण सांगणार? वीस गुंठ्यांवाल्याला विचारायला चुलता आहे, डोंबाऱ्याच्या पोरीला आपण आहोत.

यंदाही सातवीतल्या एका मुलीचा दाखला अडकलाय. आजोबांचं नाव कुठल्याच रजिस्टरात सापडेना. शेजारच्या गावच्या शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर बघायचं राहिलंय, तिथल्या मुख्याध्यापकांशी फोनवर बोलणं झालंय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिच्या वडिलांना घेऊन जाणार आहे.